रोलर कोस्टरची गाडी रुळांवरून उडून का जात नाही? श्रेय जातं जॉन मिलर यांना!

रोलर कोस्टर चढण चढताना येणारा ‘कट-कट-कट’ आवाज ऐकून पोटात गोळा येतो ना? खरं तर तो आवाज धीर देणारा आहे. साखळी तुटलीच, तर गाडी मागे घसरू नये म्हणून बसवलेला लोखंडी खटका दात्यांवरून सरकत असतो, त्याचा तो आवाज. अशा खटक्याचं पेटंट घेतलं अमेरिकेच्या जॉन मिलर यांनी.

मिलर १८७२ मध्ये इलिनॉय राज्यात जन्मले. एकोणिसाव्या वर्षी ते लामार्कस थॉम्पसन यांच्याकडे कामाला लागले. थॉम्पसन यांची कोनी आयलंडवरची १८८४ ची गाडी ताशी जेमतेम १० किलोमीटरने धावायची, म्हणजे सायकलपेक्षाही हळू! वेग वाढवणं धोक्याचं होतं. गाडी रुळांवर टिकायची ती फक्त स्वतःच्या वजनावर. उंचवट्यावरून जोरात गेली, तर माणसांसकट उडण्याची भीती.

मिलर यांनी रुळाच्या खालूनही एक चाक लावलं आणि १९१९ मध्ये त्याचं पेटंट मिळवलं. लाकडी फळ्यांचे थर, वर पोलादी पट्टी, अशा त्या रुळाला गाडी आता चिमट्यासारखी धरून राहू लागली.

मग काय, उतार उभेच होत गेले! १९२० मध्ये पिट्सबर्गजवळच्या केनीवूड पार्कमध्ये त्यांचा ‘जॅक रॅबिट’ सुरू झाला. त्यातल्या जोडउतारावर माणूस चक्क सीटवरून वर उचलला जातो.

१९२९ नंतरच्या मंदीत पार्क बंद पडली, कितीतरी लाकडी कोस्टर पाडले गेले. मिलर १९४१ मध्ये वारले. जॅक रॅबिट मात्र शंभरी ओलांडून अजून धावतोय.