लुई अगासी

लुई अगासी (२८ मे १८०७ – १४ डिसेंबर १८७३) हे अमेरिकेत स्थायिक झालेले स्विस निसर्गशास्त्रज्ञ होते. त्यांचा जन्म स्वित्झर्लंडमधील मोतिए या गावी झाला. न्यूशातेल येथे प्राध्यापक असताना १८३७ साली त्यांनी हिमयुगाचा सिद्धांत मांडला. पुढे आल्प्समधील आर हिमनदीवर मुक्काम करून त्यांनी तिच्या गतीचे मापन केले.

१८४६ मध्ये ते अमेरिकेस गेले. हार्वर्ड विद्यापीठात अध्यापन करीत असताना १८५९ साली त्यांनी तेथे तुलनात्मक प्राणिशास्त्राचे संग्रहालय स्थापन केले. १८६१ मध्ये त्यांनी अमेरिकेचे नागरिकत्व स्वीकारले. डार्विनच्या उत्क्रांतिवादाला त्यांचा अखेरपर्यंत विरोध होता. मानववंशांची उत्पत्ती स्वतंत्रपणे झाली व कृष्णवर्णीय कनिष्ठ आहेत, असे मतही त्यांनी पुरस्कारले.

केंब्रिज येथील माउंट ऑबर्न दफनभूमीत त्यांच्या समाधीवर आर हिमनदीच्या परिसरातून आणलेला पाषाण उभारण्यात आला. भोवतीची पाइनची झाडेही मायदेशातील स्नेह्यांनी पाठविली होती. स्वित्झर्लंडमधील एका शिखरास त्यांचे नाव आहे. मात्र त्यांच्या वंशविषयक मतांमुळे न्यूशातेलमधील त्यांच्या नावाच्या चौकास २०१९ मध्ये तिलो फ्राय या कृष्णवर्णीय स्विस महिला संसद सदस्याचे नाव देण्यात आले.