भूदानाचे पदयात्री आचार्य विनोबा भावे

पायी चालणे आणि दान देणे ही तीर्थयात्रेची दोन प्राचीन अंगे होत. आषाढी वारीसाठी नांदेड व लातूर जिल्ह्यांतून पंढरीकडे निघणाऱ्या दिंड्यांत पहिले अंग दिसते, तर वाटेवरच्या अन्नदानात व पाणपोयांत दुसरे. या दोन्ही अंगांचा संगम ज्यांच्या उत्तरायुष्यात झाला, असे आधुनिक काळातील थोर सत्पुरुष म्हणजे आचार्य विनोबा भावे. वयाच्या पंचावन्नाव्या वर्षी, पोटाच्या जुन्या विकाराने शरीर कृश झालेले असताना, त्यांनी पदयात्रा आरंभिली आणि तेरा वर्षे भारतभर चालून भूमिहीनांसाठी भूमीचे दान मागितले. स्वतःसाठी त्यांनी काहीही मागितले नाही.

जन्म व संस्कार

विनोबांचे मूळ नाव विनायक नरहरी भावे. त्यांचा जन्म ११ सप्टेंबर १८९५ रोजी कोकणातील गागोदे या गावी झाला. मातोश्री रुक्मिणीबाई अत्यंत भाविक होत्या. दाराशी आलेला याचक धडधाकट असला तरी त्याला विन्मुख पाठवू नये, पात्र-अपात्र ठरविण्याचा अधिकार आपला नव्हे, ही त्यांची शिकवण बालवयातच विनोबांच्या मनावर ठसली. आईला संस्कृत गीता समजत नसे. तिच्या इच्छेचे स्मरण ठेवून विनोबांनी पुढे गीतेचा समश्लोकी मराठी अनुवाद केला. तोच घरोघरी पोहोचलेला गीताई हा ग्रंथ होय. १९३२ साली धुळे येथील कारागृहात त्यांनी दिलेली गीतेवरील प्रवचने साने गुरुजींनी लिहून घेतली.

१९१६ साली गृहत्याग करून ते महात्मा गांधींच्या आश्रमात दाखल झाले. १९२१ पासून वर्धा ही त्यांची कर्मभूमी झाली. १९४० च्या वैयक्तिक सत्याग्रहात गांधीजींनी पहिले सत्याग्रही म्हणून त्यांचीच निवड केली. ज्ञानदेव, नामदेव, एकनाथ व तुकाराम यांच्या वाङ्मयाचे त्यांचे चिंतन सखोल होते. नांदेडनगरीला पावन करणाऱ्या शीख परंपरेतील जपुजी या पवित्र वाणीवरही त्यांनी भाष्य केले आहे.

पदयात्रेचा प्रारंभ

१९५१ च्या आरंभी पवनार आश्रमात विनोबांचा कांचनमुक्तीचा प्रयोग चालू होता. पैशाचा व्यवहार न करता, स्वतःच्या श्रमाने पिकविलेल्या अन्नावर राहावे, असा तो संकल्प होता. त्याच सुमारास हैदराबादजवळील शिवरामपल्ली येथे भरणाऱ्या सर्वोदय संमेलनाचे निमंत्रण आले. पैशाला स्पर्श करावयाचा नाही, मग रेल्वेने जावे कसे? विनोबांनी सुमारे तीनशे मैलांचे अंतर पायी जाण्याचा निश्चय केला आणि मार्च महिन्यात मोजक्या सोबत्यांसह ते निघाले.

वर्धा, यवतमाळ व आदिलाबाद जिल्ह्यांतून ते दक्षिणेकडे गेले. तेव्हा आदिलाबाद जिल्हा हैदराबाद राज्यात होता आणि आज नांदेड जिल्ह्यात असलेला किनवट तालुका त्याच जिल्ह्याचा भाग होता. लातूर जिल्ह्यातील उदगीर, निलंगा व अहमदपूर हे तालुके त्या वेळी बिदर जिल्ह्यात मोडत. १९५६ च्या राज्यपुनर्रचनेत हे भाग मराठवाड्यात आले. नांदेडच्या घाटांवरून वाहत जाणारी गोदामाई पुढे तेलंगणात ओलांडूनच विनोबा हैदराबादेस पोहोचले.

या संपूर्ण राज्यात जमिनीचा प्रश्न बिकट झालेला होता. निजामी राजवट संपल्यावर १९४९ साली जहागिऱ्या रद्द झाल्या, १९५० साली कुळकायदा झाला. परंतु ज्याच्या नावावर कूळ म्हणूनही जमीन नव्हती, त्या सालगड्याच्या व मजुराच्या हाती काहीच आले नाही. तेलंगणात या प्रश्नावरून सशस्त्र संघर्ष पेटला होता. रात्री बंडखोरांचे भय आणि दिवसा पोलिसांचे, अशी खेड्यांची अवस्था होती. संमेलन आटोपल्यावर परत न फिरता विनोबा शस्त्रावाचून, संरक्षणावाचून त्याच मुलखात चालू लागले.

पोचमपल्लीचे पहिले दान

१८ एप्रिल १९५१ रोजी विनोबा नलगोंडा जिल्ह्यातील पोचमपल्ली येथे आले. गावातील चाळीस हरिजन कुटुंबांनी उपजीविकेसाठी ऐंशी एकर जमीन मिळावी, अशी विनंती त्यांच्यापुढे ठेवली. सरकारकडे अर्ज करण्यात काळ जाईल हे जाणून, गावातूनच काही सोय होईल का, असा प्रश्न त्यांनी जमलेल्या ग्रामस्थांना केला. तेव्हा वेदिरे रामचंद्र रेड्डी हे जमीनदार उभे राहिले आणि त्यांनी आपल्या दिवंगत पित्याच्या स्मरणार्थ शंभर एकर जमीन देऊ केली. मागणी ऐंशीची होती, दान शंभराचे झाले. या घटनेत विनोबांना ईश्वरी संकेत दिसला आणि भूदानयज्ञाचा जन्म झाला. पुढील काही आठवड्यांतच तेलंगणात सुमारे बारा हजार एकर भूमी दानात मिळाली. ते गाव आज भूदान पोचमपल्ली या नावानेच ओळखले जाते.

दानाचा अर्थ

विनोबांच्या दृष्टीने दान म्हणजे उपकार नव्हे, तर सम्यक विभाजन होते. हवा व पाणी यांप्रमाणे भूमीही परमेश्वराची आहे. तिच्यावर सर्व लेकरांचा सारखा हक्क आहे. ज्याला पाच मुलगे असतील त्याने आपल्याला सहावा मुलगा मानून जमिनीचा सहावा हिस्सा द्यावा, आणि तो दरिद्रीनारायणाला मिळावा, अशी त्यांची मागणी असे. त्यांना मोठ्या जमीनदाराच्या शेकडो एकरांइतकेच गरीब शेतकऱ्याच्या गुंठ्यांचे मोल वाटे.

पुढे संपत्तिदान सुरू झाले, त्यातही त्यांनी पैसा हाती घेतला नाही. दात्याने आपल्या उत्पन्नाचा ठरावीक भाग स्वतःजवळच ठेवून स्वतःच सत्कार्यी लावावा व त्याचा हिशेब द्यावा, अशी पद्धत त्यांनी घातली. सर्वोदयपात्राच्या योजनेत घरातील लहान मुलाने रोज मूठभर धान्य एका पात्रात टाकावयाचे असे, त्यामुळे देण्याचा संस्कार बालपणापासून होई.

नित्यक्रम

विनोबा पहाटे तीनच्या सुमारास उठत. प्रार्थना आटोपून, अंधार असतानाच कंदिलाच्या उजेडात वाटचाल सुरू होई. साधारणपणे रोज दहा-बारा मैलांची मजल असे. आहार मोजून घेतलेल्या दूध-दह्याचा. मुक्कामी पोहोचल्यावर गावकऱ्यांची सुखदुःखे ऐकणे, अध्ययन आणि सायंकाळी प्रार्थनासभा हा क्रम ऊन, पाऊस व थंडीतही सहसा मोडला नाही.

मंदिराच्या द्वारी

या यात्रेत देवदर्शनाचे प्रसंगही आले. सप्टेंबर १९५३ मध्ये बिहारमधील देवघर येथे वैद्यनाथाच्या दर्शनास हरिजन बांधवांसह गेले असता त्यांच्यावर हल्ला झाला. त्यात त्यांच्या कानाला इजा झाली, तरीही हल्लेखोरांना शिक्षा होऊ नये अशीच त्यांची इच्छा होती. १९५५ साली जगन्नाथपुरी येथे सोबतच्या परदेशी भगिनीला प्रवेश नाकारला गेला, तेव्हा विनोबा स्वतःही दर्शन न घेता परतले.

पंढरपुरात मात्र वेगळे घडले. १९४७ साली साने गुरुजींच्या उपोषणानंतर विठ्ठलमंदिर हरिजनांसाठी खुले झाले होते. २९ मे १९५८ रोजी विनोबांनी भिन्न धर्मांच्या सहकाऱ्यांसह विठुरायाचे दर्शन घेतले. त्यांत एक मुसलमान व एक जर्मन ख्रिस्ती भगिनी होती. सर्वांना पदराखाली घेणाऱ्या माउलीसमोर उभे राहताच विनोबांच्या नेत्रांतून अश्रुधारा वाहू लागल्या. जेथे सोबत्याला मज्जाव तेथे आपणही जाऊ नये, हे व्रत त्यांनी पाळले आणि विठ्ठलाच्या दारी ते सफल झाले.

फलश्रुती

मे १९६० मध्ये चंबळच्या खोऱ्यात अनेक दरोडेखोरांनी विनोबांपुढे शस्त्रे ठेवली. सप्टेंबर १९६२ मध्ये ते त्या वेळच्या पूर्व पाकिस्तानातून पायी गेले, तेथेही त्यांना भूदान मिळाले. एप्रिल १९६४ मध्ये, वयाच्या अडुसष्टाव्या वर्षी, ते पवनारला परतले. एकूण चाल सुमारे चाळीस हजार मैलांची मानली जाते.

या यज्ञात चाळीस लाख एकरांहून अधिक भूमी दानात मिळाली. तथापि काही जमीन नापीक निघाली, काही वादात सापडली, काही दात्यांनी शब्द फिरविला, आणि वाटपाचे काम रेंगाळले. दानाचा मोठा भाग भूमिहीनांच्या हाती पोहोचलाच नाही. दान जाहीर झाल्याने ते पूर्ण होत नाही, योग्य हाती पडल्यावरच पूर्ण होते, हा धडाही या इतिहासातून मिळतो. असे असले तरी, ज्या लक्षावधी एकरांवर प्रत्यक्ष नांगर चालला, त्यांवर अनेक कुटुंबांची चूल पेटली, आणि ती भूमी कायद्याच्या धाकाने नव्हे तर एका वृद्ध पदयात्र्याच्या मागण्यावरून मिळाली होती.

महानिर्वाण

अखेरची वर्षे विनोबांनी पवनार येथे धाम नदीच्या तीरी, १९५९ साली स्थापन केलेल्या ब्रह्मविद्या मंदिरात व्यतीत केली. नोव्हेंबर १९८२ मध्ये प्रकृती ढासळल्यावर त्यांनी अन्न, पाणी व औषध यांचा त्याग केला आणि १५ नोव्हेंबर रोजी, दीपावलीच्या दिवशी, शांतपणे देह ठेवला. १९८३ साली भारत सरकारने त्यांना मरणोत्तर भारतरत्न किताबाने गौरविले.

देवाच्या पायी अर्पण केलेले दान शेवटी देवाच्या लेकरांपर्यंत पोहोचावे, यासाठी हा महापुरुष उतारवयात दारोदार हिंडला. भाविकांनी व दात्यांनी तीर्थाची वाट चालताना आणि दान देताना या पुण्यपुरुषाचे स्मरण करावे.