सालारजंग आणि खेळण्यातले सैन्य



दिवाळीत किल्ला करताना आपण मातीचे मावळे मांडतो. कोणी बुरुजावर, कोणी तोफेजवळ, महाराज सिंहासनावर. दोन-तीन वर्षांत रंग उडतो, हातातली तलवार तुटते आणि नवे मावळे येतात. जुन्यांचे काय झाले हे सहसा कोणी विचारत नाही. आपल्या हैदराबादेत मात्र एका मोठ्या माणसाने खऱ्या तलवारींबरोबर खेळण्यातले शिपाईही जपून ठेवले. त्यांचे नाव नवाब मीर युसूफ अली खान, म्हणजेच तिसरे सालारजंग. त्यांच्या जीवनाची ही थोडक्यात ओळख.

त्यांचा जन्म १३ जून १८८९ रोजी पुण्यात झाला. आजोबा पहिले सालारजंग हे १८५३ ते १८८३ अशी तीस वर्षे निजामाचे दिवाण होते. वडील दुसरे सालारजंग यांनीही ते पद सांभाळले होते. पण मुलगा महिन्याचा होण्याआधीच त्यांचे निधन झाले. अशा रीतीने फार मोठे नाव आणि फार मोठी जहागीर एका तान्ह्या बाळाच्या वाट्याला आली.

१९१२ साली, वयाच्या अवघ्या तेविसाव्या वर्षी, सातवे निजाम मीर उस्मान अली खान यांनी त्यांना पंतप्रधान नेमले. दोनच वर्षांनी, १९१४ मध्ये, ते या पदावरून दूर झाले. पुढची पस्तीस वर्षे त्यांनी एकाच कामाला दिली : वस्तू जमवणे. संग्रहाचा वारसा घरातच होता. संग्रहालयातला बुरख्यातल्या रिबेकाचा प्रसिद्ध संगमरवरी पुतळा आजोबांनी १८७६ मध्ये रोमहून आणला होता. नातवाने मात्र त्या वारशाचा डोंगर केला. चित्रे, हस्तलिखिते, घड्याळे, हस्तिदंती काम, चिनी मातीची भांडी, शस्त्रे... देशोदेशीचे व्यापारी त्यांच्या दिवाण देवडी या वाड्याची पायरी चढत. त्यांनी लग्न केले नाही.

या मौल्यवान वस्तूंच्या जोडीला त्यांनी खेळणीही घेतली. बाहुल्या, आगगाड्या आणि रांगेने मांडलेले छोटे सैनिक! एवढ्या मोठ्या नवाबाने खेळणी कशाला जमवावीत, असे कुणालाही वाटेल. त्यासाठी त्या काळात थोडे डोकावू या.

तिसरे सालारजंग चार वर्षांचे असताना, १८९३ मध्ये, लंडनच्या विल्यम ब्रिटन यांच्या कारखान्याने शिशाचे पोकळ शिपाई बनवण्याची युक्ती काढली. वितळलेला धातू साच्यात ओतायचा, साच्याला लागून पातळ थर गोठला की उरलेला धातू लगेच बाहेर ओतून घ्यायचा. शिपाई हलका झाला, धातू कमी लागला, किंमत उतरली. मग प्रत्येक शिपाई हाताने रंगवला जाई. अंगरखा कोणत्या रंगाचा, पट्टा कुठून कुठे, टोपीवर तुरा कसा, हे ज्या त्या पलटणीप्रमाणे असे. म्हणूनच जुना शिपाई हातात घेतला की त्या सैन्याचा पोशाख आपल्याला कळतो. आज जगभर हौशी मंडळी असे शिपाई स्वतः रंगवतात आणि जुन्या लढाया टेबलावर मांडून खेळतात. एक पलटण रंगवायची तर आधी तिचा इतिहास वाचावा लागतो.

या खेळाचे गाजलेले पुस्तक, 'लिटल वॉर्स', इंग्रज लेखक एच. जी. वेल्स यांनी १९१३ मध्ये लिहिले. घरातल्या जमिनीवर शिपाई मांडायचे, स्प्रिंगच्या तोफेने लाकडी गोळा सोडायचा आणि नियमाने हारजीत ठरवायची. हा छोटा खेळ खेळणाऱ्याला खरे युद्ध किती घोडचुकांचे आणि नाशाचे असते हे उमजेल, असे वेल्स यांना वाटत होते. पण पुढच्याच वर्षी पहिले महायुद्ध पेटले. आपल्या हैदराबाद संस्थानचे घोडेस्वारही त्यात परदेशी लढले. दिल्लीच्या तीन मूर्ती स्मारकातल्या तीन पुतळ्यांत हैदराबादच्या सैनिकाचाही मान आहे. खेळण्यातला पडलेला शिपाई उचलून पुन्हा उभा करता येतो, खरा शिपाई येत नाही. खेळण्यातले सैन्य पाहताना मुलांनी हा फरक लक्षात ठेवावा.

२ मार्च १९४९ रोजी तिसरे सालारजंग यांचे निधन झाले. मागे मूलबाळ नव्हते. एवढा संग्रह वाटण्या होऊन विखुरला असता, तर कुणाला दोष देता आला नसता. पण तसे झाले नाही. जाणकारांनी वस्तूंची मांडणी केली आणि १६ डिसेंबर १९५१ रोजी दिवाण देवडीतच पंडित नेहरूंच्या हस्ते संग्रहालय खुले झाले. पुढे कुटुंबियांनी संग्रह भारत सरकारच्या स्वाधीन केला. १९६१ मध्ये संसदेच्या कायद्याने ही राष्ट्रीय महत्त्वाची संस्था ठरली आणि १९६८ मध्ये संग्रह मुसी नदीकाठच्या आजच्या इमारतीत आला. एका माणसाची आवड अशी सर्वांची ठेव झाली.

मित्रांनो, पालकांना घेऊन हे संग्रहालय अवश्य पाहा. कुकटपल्लीहून मेट्रोने महात्मा गांधी बसस्थानकापर्यंत जाता येते, तिथून ते जवळच आहे. शुक्रवारी ते बंद असते. आधी शस्त्रांचे दालन पाहा, मग खेळण्यांचे, म्हणजे खरी तलवार आणि चिमुकला शिपाई यांची तुलना करता येईल.

घरी आल्यावर आपले मावळे काढा. रंग उडालेले पुन्हा रंगवा. प्रत्येक मावळा कुठून आणला, कोणत्या वर्षी, कोणी दिला, हे एका वहीत लिहा. पालकांनी जुनी खेळणी भंगारात देण्याआधी मुलांना एकदा विचारावे. आणि विश्वस्त मंडळींना नम्र सूचना : शाळेत काचेचे एक कपाट अशा वस्तूंसाठी मिळाले, तर पुढच्या दिवाळीला मुलांचे मावळे त्यात मांडता येतील.