कॅन्सरचं नवं औषध आधी काचेतल्या पेशींवर तपासतात, भारतात ती सोय कमल रणदिवेंनी उभी केली

८ नोव्हेंबर २०२१ ला मोबाईलवर गुगल उघडलं तेव्हा मायक्रोस्कोपसोबत एका बाईंचं चित्र दिसलं होतं, आठवतंय? बऱ्याच जणांनी त्यांचं नाव त्या दिवशी पहिल्यांदा वाचलं. डॉ. कमल रणदिवे. दुसऱ्या दिवशी चित्र बदललं आणि विषय संपला.

पण लातूर-नांदेडला फार्मसी किंवा बायोटेक शिकणाऱ्या पोरांच्या अभ्यासाशी या बाईंचा थेट संबंध आहे. कसा, ते समजायला आधी कार्बन नॅनोट्यूब म्हणजे काय ते बघू.

केमोथेरपीचं औषध कॅन्सरच्या पेशींना मारतं, पण चांगल्या पेशींनाही सोडत नाही. म्हणून केस जातात, तोंड येतं, उलट्या होतात. मग औषध थेट गाठीपर्यंत नेणारी एखादी गाडी बनवता आली तर? जगभरात त्यासाठी जे पदार्थ तपासले जातायत त्यातला एक म्हणजे कार्बनच्या अतिसूक्ष्म नळ्या. १९९१ मध्ये जपानच्या सुमिओ इजिमा यांच्या शोधनिबंधानंतर त्या चर्चेत आल्या. एकेरी भिंतीची नळी साधारण एक नॅनोमीटर जाड असते, म्हणजे आपल्या केसाच्या हजारो पट बारीक. डॉक्सोरुबिसिनसारखं केमोचं औषध तिच्या भिंतीला चिकटून बसतं. गाठीच्या आसपास आम्लता जास्त असते, तिथे ही पकड सैल होते आणि औषध सुटतं.

ऐकायला भारी आहे. पण हे खरंच चालतं का, हे तपासायचं कुणावर? रात्रभर नंदिग्राम किंवा लातूर एक्स्प्रेसमध्ये बसून सकाळी टाटा हॉस्पिटलच्या रांगेत उभ्या राहिलेल्या पेशंटवर तर नाही. आधी तपासायचं ते काचेच्या बशीत जिवंत ठेवलेल्या पेशींवर. यालाच टिश्यू कल्चर म्हणतात, आणि इथे कमल रणदिवेंची गोष्ट सुरू होते.

त्यांचा जन्म ८ नोव्हेंबर १९१७ चा, पुण्यातला. माहेरचं आडनाव समर्थ. वडील दिनकर समर्थ फर्ग्युसनमध्ये जीवशास्त्र शिकवायचे. शाळा हुजूरपागा. मुलीने डॉक्टर व्हावं आणि डॉक्टरशीच लग्न करावं, अशी वडिलांची इच्छा होती. कमल यांनी दोन्ही केलं नाही. फर्ग्युसनमध्ये वनस्पतिशास्त्र आणि प्राणिशास्त्र घेतलं, आणि १९३९ मध्ये लग्न केलं ते गणितज्ञ ज. त्र्यं. रणदिवे यांच्याशी. लग्नानंतर १९४३ मध्ये एम.एस्सी. झाली. विषय काय, तर सीताफळाच्या कुळातल्या झाडांची गुणसूत्रं! कॅन्सरचा तिथे काही संबंध नव्हता. पण पेशीच्या आत डोकवायची सवय तिथेच लागली असणार.

लग्नानंतर त्या मुंबईत आल्या आणि टाटा मेमोरियल हॉस्पिटलमध्ये काम करू लागल्या. १९४१ मध्ये सुरू झालेलं हे हॉस्पिटल तेव्हा नवंच होतं. तिथल्या प्रयोगशाळांचे प्रमुख होते डॉ. वसंत रामजी खानोलकर, भारतातल्या पॅथॉलॉजीतलं मोठं नाव. त्यांच्या मार्गदर्शनाखाली कमल यांनी १९४९ मध्ये मुंबई विद्यापीठातून पीएच.डी. केली. पुढे खानोलकरांनीच त्यांना अमेरिकेत जायला लावलं.

त्या पोहोचल्या बाल्टिमोरला, जॉन्स हॉपकिन्समध्ये जॉर्ज गाय यांच्या लॅबमध्ये. पेशी शरीराबाहेर वाढवण्यात तेव्हा गाय यांचा हात धरणारे फार थोडे होते. १९५१ मध्ये याच लॅबमध्ये हेन्रिएटा लॅक्स या कृष्णवर्णीय बाईच्या गाठीतल्या पेशी वाढवल्या गेल्या. त्या हेला पेशी आजही जगभर वाढतायत. त्या घेताना हेन्रिएटांची परवानगी कुणी घेतली नव्हती, हेही लक्षात ठेवलं पाहिजे.

कमल रणदिवे परत आल्या. मुंबईत खानोलकरांनी उभ्या केलेल्या इंडियन कॅन्सर रिसर्च सेंटरमध्ये त्यांनी टिश्यू कल्चरची लॅब सुरू केली. देशातली पहिली म्हणून तिची नोंद होते.

लॅब सुरू केली, हे लिहायला तीन शब्द लागतात. पण माणसाच्या पेशी बाहेर जगवणं म्हणजे ३७ अंशांची ऊब, मोजून मापून दिलेलं खाद्य आणि कमालीची स्वच्छता. बुरशीचा एक कण आत गेला की आठवड्यांची मेहनत गटारात. त्यात पेशींना लागणारं खाद्य, म्हणजे मीडियम, परदेशातून मागवायचं तर पैसा आणि वेळ दोन्ही जाणार. म्हणून १९६० च्या दशकाच्या सुरुवातीला त्यांनी आणि सहकाऱ्यांनी मीडियम आणि लागणारी रसायनं इथेच बनवली.

याच तंत्राने कुष्ठरोगावरही काम झालं. १९५८ मध्ये बापट, रणदिवे आणि खानोलकर यांनी कुष्ठरुग्णाकडून मिळालेला एक जिवाणू वाढवल्याचं प्रसिद्ध केलं. संस्थेच्या आद्याक्षरांवरून त्याला आयसीआरसी म्हटलं गेलं आणि पुढे त्यापासून कुष्ठरोगाची लस बनवण्याचे प्रयत्न झाले. उंदरांमधल्या स्तनाच्या कॅन्सरवर तर त्यांनी दीर्घकाळ काम केलं. हार्मोन, विषाणू आणि आनुवंशिकता यांचा कॅन्सरशी काय संबंध, हा त्यांचा मुख्य प्रश्न होता. १९६६ ते १९७० संस्थेचं संचालकपदही त्यांनी सांभाळलं, तेही कार्यवाहक म्हणून.

आता परत नॅनोट्यूबकडे. बशीतल्या पेशी मेल्या की जगल्या, हे बघायला एक रंग वापरतात. पेशी जिवंत असेल तर रंग बदलतो. गंमत अशी की कार्बनच्या नळ्या हा रंगच स्वतःला चिकटवून घेतात. मग जिवंत पेशीही मेल्यासारख्या दिसतात. म्हणजे नुसत्या बशीवर विश्वास ठेवून चालत नाही, दुसऱ्या पद्धतीने पडताळावं लागतं आणि नंतर प्राण्यांवर तपासावं लागतं. २००८ मध्ये उंदरांवरच्या प्रयोगात दिसलं की लांब, ताठ नळ्या शरीरात ॲस्बेस्टॉससारखी इजा करू शकतात. म्हणूनच केमोचं औषध वाहून नेणारी कार्बन नॅनोट्यूब आजही दवाखान्यापर्यंत पोहोचलेली नाही. त्यामुळे कुणी व्हॉट्सॲपवर नॅनो उपचाराने कॅन्सर गायब वगैरे पाठवलं तर पुढे ढकलू नका. पेशंट घरातला असेल तर अजिबात नको.

आज मराठवाड्यातल्या संशोधकाला असा प्रयोग करायचा असेल, तर पुण्याच्या राष्ट्रीय पेशी विज्ञान केंद्रातून पेशी मागवता येतात. कमल रणदिवेंनी काम सुरू केलं तेव्हा असं मागवायचं ठिकाणच देशात नव्हतं.

१९७३ मध्ये काही सहकारी महिलांसोबत त्यांनी इंडियन विमेन सायंटिस्ट्स असोसिएशन उभी केली. १९८२ मध्ये पद्मभूषण मिळालं. निवृत्तीनंतर त्या तेव्हाच्या अहमदनगर जिल्ह्यातल्या अकोले तालुक्यात आदिवासी मुलांच्या पोषणाचा अभ्यास करत होत्या. ११ एप्रिल २००१ ला त्या गेल्या. ज्या संस्थेत त्यांनी लॅब उभी केली, ती आता नवी मुंबईत खारघरला ॲक्ट्रेक नावाने चालते. त्यांच्या असोसिएशनचं वाशीत नोकरदार महिलांसाठी हॉस्टेल आहे, आणि मुलांसाठी पाळणाघरही.