बिघडलेल्या रसाचा अभ्यासक : लुई पाश्चर

लुई पाश्चर हे नाव ठाऊक नाही असा विद्यार्थी सापडणे कठीण. पिसाळलेल्या कुत्र्याच्या दंशावरील लस आणि दुधाच्या पिशवीवरचा ‘पाश्चराइज्ड’ हा शब्द, या दोन खुणांनी आपण त्याला ओळखतो. मी कला शाखेचा विद्यार्थी. सूक्ष्मजीवशास्त्र हा माझा प्रांत नव्हे. तरीही पाश्चरचे चरित्र वाचताना माझे मन या दोन विख्यात कामांपेक्षा एका तिसऱ्याच कामापाशी रेंगाळले. साखरेचा रस कधीकधी बुळबुळीत, दाट आणि तार धरणारा का होतो, या प्रश्नाचे ते काम. जिथे ऊस पिकतो आणि गळीत हंगामात उसाच्या गाड्यांच्या रांगा लागतात, तिथल्या माणसाला तरी हा प्रश्न परका वाटू नये.

पाश्चरचा जन्म 27 डिसेंबर 1822 रोजी फ्रान्समधील डोल या गावी झाला. वडील कातडी कमावण्याचा धंदा करीत. त्यापूर्वी ते नेपोलियनच्या सैन्यात होते. पुढे हे कुटुंब आर्ब्वा या द्राक्षमळ्यांच्या गावी स्थायिक झाले. लहानपणी लुईला चित्रकलेचा नाद होता. त्याने काढलेली आईवडिलांची रंगीत खडूतील चित्रे आजही जपून ठेवलेली आहेत. शास्त्रज्ञाच्या चरित्रात हा तपशील किरकोळ वाटेल. पण एखादी वस्तू दुसरीपासून नेमकी कुठे वेगळी आहे हे पाहण्याची नजर त्याला या कलेनेच दिली असावी, असे मला वाटते.

ही नजर पहिल्यांदा कामी आली ती 1848 मध्ये, पॅरिसमध्ये. द्राक्षरसाच्या पिंपात साचणाऱ्या टार्टारिक आम्लाचा द्राव ध्रुवित प्रकाशाची दिशा उजवीकडे वळवतो. पण त्याच घटकांचे बनलेले दुसरे एक आम्ल ती मुळीच वळवीत नाही. असे का व्हावे? पाश्चरने त्या दुसऱ्या आम्लाच्या क्षाराचे स्फटिक तयार केले, तेव्हा त्यांत दोन जाती दिसल्या. उजव्या आणि डाव्या हाताप्रमाणे त्या एकमेकींची आरशातील प्रतिमा होत्या. त्याने एकेक स्फटिक उचलून त्यांचे दोन ढीग केले. एका ढिगाचा द्राव प्रकाश उजवीकडे वळवी, दुसऱ्याचा डावीकडे. ज्येष्ठ शास्त्रज्ञ ब्यो यांनी हा प्रयोग आपल्यासमोर पुन्हा करून दाखवायला लावला आणि मगच त्यावर विश्वास ठेवला. त्या वेळी पाश्चर अवघा पंचवीस वर्षांचा होता.

पुढच्याच वर्षी स्ट्रासबुर्ग येथे त्याचा मारी लोराँ हिच्याशी विवाह झाला. 1854 मध्ये तो लील येथे विज्ञान शाखेचा प्रमुख झाला. लील हे कारखान्यांचे शहर. 1856 मध्ये बीगो नावाचे एक कारखानदार त्याच्याकडे आले. त्यांचा मुलगा पाश्चरचा विद्यार्थी होता. बीटाच्या रसापासून मद्यार्क काढण्याचा त्यांचा धंदा. पण काही पिंपांतला रस बिघडत होता आणि नुकसान होत होते. विद्यापीठातल्या प्राध्यापकाने असल्या कामात हात घालावा काय? पाश्चरने घातला. तो कारखान्यात जाऊन नमुने आणी आणि सूक्ष्मदर्शकाखाली पाहत बसे. 1857 मध्ये त्याने दाखवून दिले की दूध किंवा साखरेचा रस आंबट होतो तो यीस्टहून निराळ्या, अतिशय लहान अशा सजीवामुळे.

आंबणे ही केवळ रासायनिक कुजण्याची क्रिया आहे, असे त्या काळी जर्मनीतील लीबिगसारखे थोर रसायनशास्त्रज्ञ मानीत. पाश्चरचे म्हणणे नेमके उलट होते. आंबवणे हे जिवंत पेशींचे काम आहे आणि प्रत्येक प्रकारच्या आंबण्यामागे त्याचा स्वतंत्र सजीव आहे, असे तो सांगू लागला. 1857 मध्येच तो पॅरिसला परतला. तिथे त्याची प्रयोगशाळा प्रथम पोटमाळ्यावर होती. पुढे मिळालेल्या जागेत त्याने जिन्याखाली उबेची खोली केली. तिच्यात गुडघ्यांवर रांगत शिरावे लागे.

1861 मध्ये त्याने चिकट आंबवणाकडे लक्ष वळवले. काही द्राक्षमद्ये तेलासारखी दाट होऊन ओतताना तार धरीत. बीटाच्या रसातही तसाच बुळबुळीतपणा येई. अशा रसात पाश्चरला माळेसारखे गुंफलेले सूक्ष्म गोलक दिसले. हे गोलक साखरेपासून एक प्रकारचा गोंद आणि मॅनिटॉल नावाचा गोड पदार्थ तयार करतात, हे त्याने सिद्ध केले. म्हणजे रसाचा बुळबुळीतपणा ही नुसती सड नव्हती. कुणीतरी साखर खाऊन तिच्यापासून नवा पदार्थ घडवीत होते! मला या शोधाचे मोल फार मोठे वाटते. नासाडी म्हणून फेकून द्यायच्या वस्तूत निर्मिती चाललेली आहे, हे त्याने ओळखले.

या यशाच्या वर्षांतच घरावर दुःखाचे डोंगर कोसळत होते. 1859 मध्ये थोरली मुलगी झान विषमज्वराने गेली. 1865 मध्ये दोन वर्षांची कामीय गेली आणि 1866 मध्ये बारा वर्षांची सेसील. त्याच काळात तो दक्षिण फ्रान्समध्ये रेशमाच्या किड्यांच्या रोगाचा शोध घेत होता. 1868 मध्ये पक्षाघाताच्या झटक्याने त्याची डावी बाजू लुळी पडली. वय शेहेचाळीसही पुरे नव्हते. यानंतरही त्याने अनेक वर्षे काम केले, हे लक्षात ठेवले पाहिजे.

नंतरचा इतिहास सर्वश्रुत आहे. 1881 मध्ये मेंढ्यांना काळपुळीची लस टोचली गेली. 1885 मध्ये झोझेफ मेस्तेर या नऊ वर्षांच्या मुलाला अलर्करोगाची. आणि 1888 मध्ये पॅरिसची पाश्चर संस्था उभी राहिली. याच संस्थेत काम केलेल्या हाफकिनने 1897 मध्ये मुंबईत प्लेगची लस तयार केली. मात्र पाश्चरला देव्हाऱ्यात बसवण्याचे कारण नाही. त्याच्या वह्या पुढे अभ्यासकांना खुल्या झाल्या, तेव्हा 1881 च्या जाहीर प्रयोगातील लस त्याचा सहकारी शांबेरलां याच्या पद्धतीने केलेली होती आणि पाश्चरने ते उघड केले नव्हते, असे आढळले. थोरवीबरोबर ही महत्त्वाकांक्षाही होती. 28 सप्टेंबर 1895 रोजी पॅरिसजवळ त्याचा मृत्यू झाला.

त्या गोंदाचे पुढे काय झाले? 1874 मध्ये शाइब्लर या जर्मन रसायनशास्त्रज्ञाने त्याला ‘डेक्स्ट्रान’ हे नाव दिले. त्याचा द्राव प्रकाश उजवीकडे वळवतो, म्हणून हे नाव. तरुण पाश्चरच्या स्फटिकांची ओळख जिने पटवली तीच ही कसोटी! 1878 मध्ये पाश्चरचाच शिष्य व्हान टीगेम याने त्या माळेतील जिवाणूचे ‘ल्युकोनोस्टॉक’ असे नामकरण केले. आपल्या इडलीचे पीठ फुगवणाऱ्या जिवाणूंत याचाच समावेश होतो. विसाव्या शतकात डेक्स्ट्रानचा उपयोग रक्तस्राव झालेल्या रुग्णाला रक्तद्रवाऐवजी देण्यासाठी होऊ लागला. अमेरिकेत पिओरिया येथील सरकारी प्रयोगशाळेत ॲलीन जीन्स या विदुषीने डेक्स्ट्रानवर काम केले. कोबीवर रोग पाडणाऱ्या एका जिवाणूपासून झँथन हा गोंद मिळाला तोही त्याच प्रयोगशाळेत. 1969 मध्ये अमेरिकेत त्याला खाद्यपदार्थांत वापरण्याची परवानगी मिळाली. मोठ्या टाकीत साखरेचा द्राव घेऊन त्यात हा जिवाणू सोडतात आणि हवा देत सतत ढवळतात. द्राव इतका घट्ट होतो की ढवळणेच अवघड जाते. मग तो तापवून जिवाणू मारतात, म्हणजे त्याचे पाश्चरीकरणच करतात. शेवटी अल्कोहोल घालून गोंद वेगळा काढतात आणि वाळवून त्याची पूड करतात. सॉसच्या शंभर भागांत या पुडीचा अर्धा भागही पुरेसा होतो.

पण टाकीत हवा असलेला गोंद उसात नको असतो. तोडलेला ऊस उन्हात पडून राहिला की कापलेल्या टोकांतून हेच जिवाणू आत शिरतात आणि साखरेचा डेक्स्ट्रान करू लागतात. रस दाट होतो, उकळायला वेळ लागतो, साखरेचे दाणे लांबट पडतात. त्यातही गंमत अशी की, साखर मोजण्याचे यंत्र प्रकाश किती वळला यावरून हिशेब करते आणि डेक्स्ट्रान प्रकाश साखरेपेक्षा अधिक वळवतो. त्यामुळे रसात साखर आहे त्याहून जास्त असल्याचा भास होतो. माप फुगते आणि साखर तर गेलेली असते!

म्हणून ऊस तोडल्यावर तो लवकरात लवकर गव्हाणीत पडावा, असा आग्रह धरावा लागतो. या आग्रहामागचे शास्त्र बीटाच्या पिंपाशी वाकून पाहणाऱ्या पाश्चरने घालून दिले. कारखानदाराची तक्रार त्याने हलकी मानली नाही आणि बिघडलेला रस नाक मुरडून टाकून दिला नाही. लस टोचणाऱ्या पाश्चरला जग वंदन करते, ते योग्यच आहे. मला मात्र जिन्याखालच्या खोलीत रांगत शिरणारा, बुळबुळीत रसाच्या थेंबात माळ शोधणारा पाश्चर अधिक जवळचा वाटतो.