औंधचे राजे आणि सूर्यनमस्काराचा तास : भवानराव पंतप्रतिनिधी



२१ जून आला की आपल्या शाळेच्या मैदानावर काय होतं, ते तुम्हाला सांगायला नको. सतरंज्या पडतात, मुलं ओळीत बसतात, फोटो निघतात, अहवाल जातो. पण २२ जूनला काय होतं? या प्रश्नाचं उत्तर शोधायचं असेल तर आपल्या माणदेशाच्या शेजारीच असलेल्या औंधच्या एका राजाचं चरित्र आपण मुलांना जरूर सांगायला हवं.

जन्म आणि शिक्षण

भवानराव श्रीनिवासराव पंतप्रतिनिधी यांचा जन्म २४ ऑक्टोबर १८६८ रोजी झाला. लोक त्यांना बाळासाहेब म्हणत. पुण्याच्या डेक्कन कॉलेजातून ते बी. ए. झाले. १९०९ साली ते औंधच्या गादीवर आले. संस्थान तसं लहानच, सुमारे ५०० चौरस मैलांचं, आणि तेही तुकड्यातुकड्यांत विखुरलेलं. औंध आजच्या सातारा जिल्ह्यात, आटपाडी आजच्या सांगली जिल्ह्यात, तर गुणदाळ पार विजापूरकडे. त्यातला आटपाडीचा भाग म्हणजे आपला माणदेशच. पाऊस कमी, जमीन माळाची, माणूस मात्र काटक.

डंबेल्स सोडले, नमस्कार धरले

तरुणपणी बाळासाहेबांवर सँडो या युरोपातल्या प्रसिद्ध पहिलवानाच्या व्यायामाचा मोठा प्रभाव होता. त्याची साधनं वापरून त्यांनी कितीतरी वर्षं नेमाने व्यायाम केला. पुढे मिरजेच्या अधिपतींच्या सांगण्यावरून, १९०८ च्या सुमारास, ते सूर्यनमस्कारांकडे वळले आणि मग ते त्यांनी सोडलेच नाहीत.

इथे थोडं थांबा आणि मुलांना विचारा, की डंबेल्स आणि नमस्कार यांत फरक कोणता? मुलं बरोबर सांगतील. डंबेल्सना पैसे लागतात, नमस्काराला अंथरायला एक पटकूर आणि हात-पाय पसरण्यापुरती जागा पुरते. दुष्काळी मुलखातल्या घराला हा फरक फार मोठा असतो.

शाळा हाच दवाखाना

राजेसाहेबांनी आपल्या संस्थानातल्या शाळांत सूर्यनमस्कार सुरू केले, मुलांसाठी आणि मुलींसाठीही. त्या काळात मुलींनी मोकळेपणाने व्यायाम करावा असं राजानेच म्हणणं ही साधी गोष्ट नव्हती. स्वतः नमस्कार घालून दाखवायला ते कधी संकोचले नाहीत. पं. सातवळेकर १९१८ पासून औंधातच राहात होते, त्यांनीही आसनं आणि नमस्कार यांवर लिहून हा प्रसार वाढवला.

१९२८ मध्ये राजेसाहेबांचं सूर्यनमस्कारांवरचं पुस्तक निघालं. ते सत्तरीच्या उंबरठ्यावर असताना लुईझ मॉर्गन या पत्रकार बाईंनी त्यांच्या पद्धतीवर इंग्रजी पुस्तक सिद्ध केलं आणि ते १९३८ साली लंडनमध्ये छापलं गेलं. त्याच्या नावातच दहा हा आकडा आहे, कारण औंधचा नमस्कार दहा स्थितींचा होता. आज आपण बहुधा बारा शिकवतो. मुलांनी विचारलं तर गोंधळू नका, मोजण्याची पद्धत वेगळी आहे एवढंच. राजेसाहेब नमस्कारासोबत मंत्रोच्चाराला महत्त्व देत आणि आहाराबद्दलही सांगत.

दुसरा रस्ता : लोणावळा

त्याच काळात लोणावळ्याला स्वामी कुवलयानंद वेगळ्या वाटेने चालले होते. १९२४ मध्ये त्यांनी कैवल्यधाम स्थापन केलं. नौली, उड्डियान अशा क्रियांच्या वेळी शरीरात काय घडतं, हे त्यांनी क्ष-किरण आणि दाबमापक लावून पाहिलं. पुढे तिथे योगोपचाराचं रुग्णालयही उभं राहिलं. थोडक्यात, औंधने योग शाळेत नेला, लोणावळ्याने प्रयोगशाळेत आणि दवाखान्यात नेला. आज प्राथमिक आरोग्य केंद्रांत आणि आयुष्मान आरोग्य मंदिरांत योगसत्रं होतात, ती या दोन्ही वाटा एकत्र आल्यावरच.

आपल्यासाठी धडा

आता जरा खरं बोलूया. राजाचा हुकूम होता म्हणून नमस्कार झाले, असं कोणी म्हणेल, आणि त्यात तथ्यही आहे. सक्तीने हात जोडले जातात, सवय लागेलच असं नाही. शिवाय सगळ्यांनाच मंत्र म्हणायचा नसतो, अशा मुलाला आकडे मोजत नमस्कार घालू द्या. आणि उपाशी आलेल्या पोराकडून नमस्कार घालून घेणं हे आरोग्य नव्हे. आधी त्याच्या ताटात काय आहे ते बघा. योग हा औषधाला पर्यायही नव्हे. रक्तदाब, हर्निया, पाठीचा त्रास असेल किंवा दिवस गेलेले असतील, तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय नमस्कार नकोतच. तुमच्या वर्गातल्या दम्याच्या मुलाचं नाव आरोग्य केंद्रातल्या ताईंना ठाऊक आहे का, हेही एकदा पाहा.

भवानराव चित्रकार होते, औंधला १९३८ साली त्यांनी संग्रहालय उभारलं, १९३९ मध्ये प्रजेला राज्यघटना दिली आणि आटपाडीजवळ स्वतंत्रपूरची खुली वसाहत कैद्यांसाठी निघाली. १९४८ मध्ये संस्थान विलीन झालं, १३ एप्रिल १९५१ रोजी राजेसाहेब गेले. पण ज्याने गादीवर असताना रोज सकाळी जमिनीला हात टेकले, त्याची खरी शिकवण एकच होती, की दुसऱ्याला सांगायच्या आधी स्वतः करावं.

म्हणून उद्या सकाळी मुलांना ओळीत उभं करण्याआधी, पालकहो आणि गुरुजींनो, आपण आधी दोन नमस्कार घालूया. मुलं बघून शिकतात, हे आपल्याला वेगळं सांगायला नकोच!