रानाचा शिष्य

अमेरिकेच्या आयोवा राज्यात मिसिसिपी नदीच्या काठी बर्लिंग्टन नावाचे गाव आहे. त्या गावी, नदीकडे पाहणाऱ्या एका उंच टेकाडावर, लिओपोल्ड कुटुंब राहत असे. ११ जानेवारी १८८७ रोजी या कुटुंबात आल्डोचा जन्म झाला. चार भावंडांत तो थोरला. वडील कार्ल लिओपोल्ड यांचा लिहिण्याची मेजे तयार करण्याचा कारखाना होता. कामातून सवड मिळाली की ते खांद्यावर बंदूक टाकून पाणथळीकडे निघत आणि मुलांना बरोबर घेत. चिखलातील ठसा कोणत्या प्राण्याचा, पोकळ ओंडक्यात कोण राहते, बदके पाण्यावर केव्हा उतरतात, हे सारे आल्डो वडिलांच्या मागून चालता चालता शिकला.

कार्ल हे हौशी शिकारी होते. परंतु त्यांनी स्वतःला काही नियम घालून घेतले होते. वसंत ऋतूत पक्षी विणीसाठी परतत असतात, म्हणून त्या दिवसांत बदकांची शिकार करणे त्यांनी सोडून दिले. तसे करण्यास त्या काळी कायद्याची मनाई नव्हती. शिकार करण्याची मोकळीक मुलाला देताना त्यांनी एक अट घातली. फांदीवर बसलेल्या पक्ष्यावर बार टाकायचा नाही. नेम धरायचा तो उडत्या पक्ष्यावरच. कुत्र्याने झाडावर चढविलेला पक्षी अगदी जवळ, स्वस्थ बसलेला दिसे. आल्डोला मोह होई, पण तो बंदूक खाली करी. पाहणारे कोणी नसतानाही नियम पाळावयाचा असतो, हा धडा त्याला बंदुकीबरोबरच मिळाला.

पुढे आल्डो येल विद्यापीठात वनशास्त्र शिकला. शिक्षण पुरे होताच १९०९ च्या जुलै महिन्यात, वयाच्या बाविसाव्या वर्षी, वनखात्यातील अधिकारी म्हणून तो ॲरिझोना प्रांतात दाखल झाला. ॲरिझोनाला तेव्हा राज्याचा दर्जाही मिळालेला नव्हता. खाली निवडुंगांनी भरलेले रखरखीत वाळवंट, मध्ये खडकाळ दऱ्या आणि वर पाइन वृक्षांची थंडगार वने, असा तो मुलूख होता. या तरुण अधिकाऱ्याने एक घोडा व खोगीर विकत घेतले. काटेरी झुडपांतून जाताना पाय सोलून निघू नयेत म्हणून पायांवर चामड्याची आवरणे चढविली. मेणकापडात गुंडाळलेले अंथरूण, खोगिराला अडकविलेली बंदूक आणि जाड लोखंडी भांडे एवढे सामान घेऊन तो दिवसचे दिवस डोंगरात काढू लागला. त्या भांड्यावर झाकण ठेवून वर निखारे पसरले की आत आंबवलेल्या पिठाचा पाव उत्तम भाजत असे. हा स्वयंपाक लिओपोल्ड यांना जन्मभर आवडला. रात्री शेकोटीच्या उजेडात दिवसभराच्या हकिकती टिपून ठेवण्याची सवयही त्यांनी पुढे कधी मोडली नाही.

त्या मुलखात हरणांची शिकार मुबलक होती. एल्क नावाचा, सांबराच्याच कुळातील थोराड प्राणी मात्र बेसुमार शिकारीमुळे तेथून नाहीसा झाला होता. १९१३ साली दूरच्या यलोस्टोन उद्यानातून एल्क आणून ॲरिझोनात सोडावे लागले. उरलेली शिकार वाचवावयाची असेल, तर हरणे मारून खाणारे लांडगे व डोंगरी सिंह नष्ट केले पाहिजेत, असे त्या काळी शिकारी, गुराखी आणि सरकारी अधिकारी सारेच मानीत. लिओपोल्डही तसेच मानीत असत. एक लांडगा कमी म्हणजे अनेक हरणे अधिक, असा तो सरळ हिशेब होता.

१९०९ च्या शरद ऋतूतील गोष्ट. लिओपोल्ड आणि त्यांचे सोबती वनाची पाहणी करीत हिंडत होते. दुपारी एका उंच कड्यावर ते जेवावयास बसले. खाली खळाळणारी नदी होती. एक हरिणी नदी ओलांडत आहे असे त्यांना प्रथम वाटले. पण अलीकडच्या काठाला लागून तिने अंग झाडले, तेव्हा ती लांडगी असल्याचे कळून आले. तिला पाहताच झुडपांतून तिची वाढीला लागलेली पिल्ले धावत आली आणि शेपट्या हलवीत तिच्याभोवती नाचू लागली. लांडगा मारण्याची संधी दवडावी, असे त्या काळी कोणाच्या स्वप्नातही येत नसे. कड्यावरून बंदुकांचे बार सुटले. लांडगी कोसळली. एक पिल्लू जखमी पाय ओढीत खडकांत शिरले. लिओपोल्ड धावत खाली पोहोचले, तेव्हा लांडगीचा जीव जात होता. तिच्या डोळ्यांतील हिरवे तेज त्यांच्या देखत मावळले. त्या नजरेत काहीतरी असे होते, की जे आपल्याला ठाऊक नाही पण त्या पर्वताला ठाऊक आहे, असे त्यांना वाटून गेले. परंतु तो विचार मनाच्या तळाशी गेला. त्यांचे मत काही त्या दिवशी बदलले नाही.

पुढे लिओपोल्ड यांची न्यू मेक्सिकोत बदली झाली. ९ ऑक्टोबर १९१२ रोजी सांता फे येथे एस्टेला बर्गेरे यांच्याशी त्यांचा विवाह झाला. पुढच्याच वसंत ऋतूत दूरच्या कुरणांकडे दौऱ्यावर असता ते वादळात सापडले. भिजलेल्या अंथरुणात रात्री काढल्यामुळे त्यांना मूत्रपिंडाचा भयंकर आजार जडला. प्राण वाचले, पण सुमारे दीड वर्ष त्यांना काम सोडून स्वस्थ पडून राहावे लागले. कामावर परतल्यावर त्यांनी गावोगावच्या शिकाऱ्यांना संघटित केले आणि शिकारीच्या प्राण्यांच्या रक्षणासाठी एक लहानसे वृत्तपत्र काढले. त्यातून ते चोरट्या शिकारीचा निषेध करीत आणि त्याच लेखणीने शेवटच्या लांडग्यापर्यंत सर्व लांडगे संपवावेत असेही लिहीत.

लांडगे खरोखरच संपत चालले. परंतु झाले ते निराळेच. ॲरिझोनातील कैबाब पठारावर हरणांना पूर्ण संरक्षण देऊन हिंस्र पशू मारण्यात आले होते. हरणे भराभर वाढली. त्यांनी रोपे खाल्ली, झुडपे खाल्ली, तोंड पोहोचेल तेथपर्यंतचा झाडांचा पाला ओरबाडला. मग १९२४ च्या सुमाराच्या हिवाळ्यांत चारा उरला नाही आणि हजारो हरणे उपासमारीने मेली. न्यू मेक्सिकोतील गिला रानातही हरणे अशीच बेसुमार झाली. हे गिला रान लिओपोल्ड यांच्या विशेष जिव्हाळ्याचे होते. तेथे मोटाररस्ते व इमारती होऊ नयेत म्हणून त्यांनी खटपट केली होती आणि ३ जून १९२४ रोजी सुमारे साडेसात लाख एकरांचा तो प्रदेश राखीव झाला होता. पण हरणे कमी करण्यासाठी शिकाऱ्यांना आत जाता यावे, म्हणून त्याच रानातून रस्ता काढण्याची पाळी आली. जे काम लांडगे बिनबोभाट करीत होते, त्यासाठी माणसाला रान फोडावे लागले.

१९२४ साली लिओपोल्ड कुटुंब विस्कॉन्सिन राज्यातील मॅडिसन गावी राहावयास आले. तेथे लिओपोल्ड यांना धनुर्विद्येचा छंद लागला. विकतची धनुष्ये त्यांना रुचत नसत. घराच्या तळघरात ते यूसारख्या चिवट झाडांचे लाकूड तासून धनुष्य घडवीत. बाणाची काडी सरळ करणे, तिला पिसे बसविणे, दोरी वळणे, ही कामे ते तासन्‌तास करीत. पत्नी आणि मुलांनाही त्यांनी स्वतः घडविलेली धनुष्ये दिली. एस्टेलाबाई तर एवढ्या तरबेज झाल्या, की त्यांनी स्त्रियांच्या स्पर्धेत राज्याचे अजिंक्यपद मिळविले. सुटीत लिओपोल्ड धनुष्य घेऊन गिला रानात हरणांच्या मागावर जात. धनुष्याने शिकार करावयाची तर हरणाच्या अगदी जवळ जावे लागते. वारा ओळखावा लागतो, श्वास रोखून उभे राहावे लागते. बाण वारंवार चुकत. पण चुकलेल्या नेमांची नोंदही ते रोजनिशीत प्रामाणिकपणे करीत. किती मारले यापेक्षा किती पाहिले, याकडे त्यांचे लक्ष अधिकाधिक वळू लागले होते.

१९३६ व १९३७ साली ते मेक्सिकोतील गाविलान नदीच्या खोऱ्यात शिकारीस गेले. तेथील डोंगर सीमेपलीकडच्या अमेरिकेतील डोंगरांसारखेच होते. पण तेथे लांडगे व डोंगरी सिंह अजून नांदत होते. लिओपोल्ड पाहतात तो हरणे भरपूर, परंतु फाजील नाहीत. उतारावर गवत दाट, नदीचे पाणी नितळ, काठची माती जागच्या जागी. आपल्या तरुणपणीच्या हिशेबात कोठे चूक होती, हे त्यांना तेथे स्पष्ट दिसले. लांडगा हरणे खातो हे खरे. पण त्यामुळेच गवत वाचते, गवतामुळे माती वाचते आणि माती टिकली म्हणजे नदीही स्वच्छ राहते. हरणाला लांडग्याचे भय असते, तसेच पर्वताला अतोनात वाढलेल्या हरणांचे भय असते.

लिओपोल्ड १९३३ पासून विस्कॉन्सिन विद्यापीठात वन्य प्राण्यांच्या व्यवस्थापनाचे प्राध्यापक होते. १९४३ साली राज्याच्या निसर्गसंरक्षण मंडळावर त्यांची नेमणूक झाली. तेव्हा त्या राज्यातही हरणे फार वाढून हिवाळ्यात उपाशी मरू लागली होती. केवळ नरच नव्हे, तर काही माद्याही मारून कळप कमी करावेत, असा सल्ला त्यांनी दिला. शिकाऱ्यांना अधिक हरणे हवी होती, आणि इतरांना माद्या मारणे निर्दयपणाचे वाटले. लिओपोल्ड यांच्यावर टीकेची झोड उठली, वृत्तपत्रांतून त्यांची टवाळी झाली. ते स्वतः जन्माचे शिकारी होते आणि हरणांवर त्यांचे प्रेमही होते. तरी लोकांना आवडेल ते सांगण्यापेक्षा जे खरे दिसते ते सांगावे, हा मार्ग त्यांनी सोडला नाही.

याच सुमारास हॉकबॉम नावाच्या त्यांच्या एका जुन्या विद्यार्थ्याने त्यांना पत्रातून छेडले. लांडगे नष्ट करण्यात आपलाही हात होता, हे गुरूंनी उघडपणे लिहावे, असा त्याचा आग्रह होता. दुसऱ्या एखाद्याला राग आला असता. लिओपोल्ड यांनी मात्र १९४४ साली लेखणी उचलली आणि पस्तीस वर्षांपूर्वीच्या त्या लांडगीची हकिकत जशीच्या तशी लिहून काढली.

दरम्यान १९३५ साली त्यांनी विस्कॉन्सिन नदीकाठची एक उजाड शेतजमीन विकत घेतली होती. अति लागवडीने तिचा कस गेला होता आणि तिच्यावर कोंबड्यांच्या एका जुन्या खुराड्याखेरीज छप्पर नव्हते. सर्व कुटुंबाने फावडी घेऊन त्यातील शेण काढले, फळ्या ठोकल्या आणि सुटीचे दिवस तेथे काढू लागले. दर वसंत ऋतूत ते पाइनची हजारो रोपे लावीत. प्रारंभीची बहुतेक रोपे अवर्षणाने जळाली. पुढच्या वर्षी त्यांनी पुन्हा खड्डे खणले. दिवसा श्रम, रात्री चुलीवरचे जेवण आणि गिटारच्या साथीने गाणी, असा तेथला क्रम असे. स्टार्कर, लूना, नीना, कार्ल आणि धाकटी एस्टेला ही पाचही मुले पुढे निसर्गाच्या अभ्यासात रमली. त्यांपैकी तिघे अमेरिकेच्या राष्ट्रीय विज्ञान अकादमीवर निवडले गेले.

२१ एप्रिल १९४८ रोजी शेजारच्या शेतात गवताला आग लागली. ती विझविण्यासाठी लिओपोल्ड धावून गेले आणि तेथेच हृदयविकाराने त्यांचा अंत झाला. त्यांच्या निबंधांचा संग्रह प्रकाशकाने स्वीकारल्याला जेमतेम आठवडा लोटला होता. मुलगा लूना याने पुढचे काम पाहिले आणि १९४९ साली ‘अ सँड काउंटी अल्मनॅक’ हे पुस्तक प्रसिद्ध झाले. माणूस हा भूमीचा मालक नसून माती, पाणी, झाडे आणि प्राणी यांच्या मोठ्या कुटुंबातील एक घटक आहे, हा विचार त्या पुस्तकाने जगभर पोहोचविला.

लिओपोल्ड यांनी जेथे त्या लांडगीला मारले, त्याच डोंगराळ मुलखात १९९८ साली अकरा मेक्सिकन लांडगे पुन्हा सोडण्यात आले. यलोस्टोनहून आणलेल्या एल्कचे वंशज हेच आता त्यांचे मुख्य भक्ष्य आहे. नदीकाठच्या त्या उजाड शेतावर पाइनचे वन उभे राहिले आहे आणि कोंबड्यांचे ते खुराडेही जपून ठेवलेले आहे. चूक ध्यानी येताच ती मान्य करून उरलेले आयुष्य दुरुस्तीसाठी वेचणारा हा शिकारी अखेरपर्यंत रानाचा विद्यार्थीच राहिला.